दीडची धूळ

शारजेच्या पाठीमागे सजा नावाचं गाव आहे.
आपल्याकडे सजा तलाठ्याचा.
इथला खडीचा, सिमेंटचा,
आणि एका खोलीत बारा पलंगांचा.

शुक्रवारी नमाज सुटली की
पेवेकर मेसच्या सावलीत गाडी लावतो.
मी डिकी उघडते.
तीनशे चष्मे, सगळे जवळचे :
अधिक एक, अधिक दीड, दोन, अडीच.
किंमत सात दिरहम.
एका बिर्याणीहून कमी, असं कंपनीचं पत्रक म्हणतं.
लिहिणाऱ्याने बिर्याणी कधी
महिना मोजून खाल्ली नसावी.

पहिल्या शुक्रवारी चार गेले.
त्यातले दोन भटारखान्यातल्या सत्तारमियांनी नेले,
एक डाळ निवडायला, एक हरवला तर म्हणून.
बाकीचे बाई आली म्हणून लुंग्या सावरत आले,
तक्त्यावरचा उंट ओळखला,
उंटाखालच्या ओळीपाशी गप्प झाले.
फोन दूर, आणखी दूर धरून एक जण म्हणाला,
"डोळे चांगलेत मॅडम, हात आखूड पडतो."
सगळे हसले. मीही.
आणि सगळे निघून गेले.

माझं मराठी ऐकून
पाण्याच्या टाकीमागून एक जण पुढे आला.
मारोती कंधारे, मुखेडकडचा, सळईच्या कामावर.
"ताई, चष्मा लागला की वय लागतंय माणसाला.
फोरमन डोळ्याकडं नाही बघत, चष्म्याकडं बघतोय.
व्हिसा संपत आलेल्यानं
नाकावर काच ठेवू नये."
आणि तार कशी पिळतोस?
त्याने बोटं दाखवली.
टोकं काळी, चिरलेली.
"हीच बघतात आता."

ऑफिसला कळवलं.
ऑफिस म्हणालं, पाच दिरहम करा.
मग म्हणालं, फुकट वाटा.
मग जनजागृतीचं पोस्टर आलं :
चष्म्यातून हसणारा एक पांढऱ्या केसांचा म्हातारा.
मी ते गाडीतच ठेवलं, तोंड खाली करून.

तोडगा पेवेकरचा.
हा माणूस दाभोळचा, सव्वीस वर्षं इथे,
शिंकतानासुद्धा आधी आजूबाजूला बघणारा.
"मॅडम, धुळीचा चष्मा घालायला
कुणाच्या बापाची परवानगी लागते?"
देऱ्यातल्या एका घाऊकवाल्याकडे बसून
आम्ही ते करवून घेतले :
वर साधी काच, कडेला रबर,
खाली कोपऱ्यात नखाएवढा नंबर.
किंमत अकरा.
ऑफिसने विचारलं, महाग केल्यावर कोण घेणार?

दोन शुक्रवारांत दोनशे दहा.
नंबर हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही.
रांगेत नेपाळी, तेलुगू, सिल्हेटचे,
आणि सगळ्यांची एकच भाषा :
एकची धूळ द्या.
माझी दीडची.
त्याला दोनची बसेल, काल स्क्रू शोधत होता.
अंधार पडल्यावर, डिकी बंद करताना
खुद्द फोरमन आला, वर्गीस,
चपला न वाजवता.
अडीचची धूळ उरलीय का?
पेवेकरने न बोलता दिली,
सुटे मोजून परत केले.

मारोतीने दीडची घेतली.
घातली, आणि सगळ्यात आधी
खिशातून पगाराची चिठ्ठी काढली, घामाने मऊ झालेली.
बराच वेळ वाचत होता.
मग म्हणाला, कुणाशीच नाही,
"मार्चपासून आठ तास कमी लावायलेत."

माझ्याजवळ कंपनीचा फॉर्म असतो.
प्रश्न सातवा :
चष्म्यामुळे आपल्या उत्पन्नात किती वाढ झाली?
मी पेन काढलं.
त्याने चिठ्ठीची घडी घातली, होती तशीच,
त्याच रेषांवर,
आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
"ताई, अर्ज लिहिता येईल का तुमाला?
इंग्रजीत.
नाव नका टाकू सध्या."

फॉर्मची मागची बाजू कोरी होती.